पाण्याशेजारची वीज

या अंकात दरवर्षी निवृत्त माणसं आपल्या नोकरीबद्दल लिहितात. कुणी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं असतं, कुणी बंदरात क्रेन चालवलेली असते. मी सव्वीस वर्षांचा आहे आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून आधीच माफी मागतो. माझ्या आठ वर्षांच्या वायरमनच्या कामाला अनुभव म्हणायचं की नुसती उमेदवारी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "तू वर्गात वीज समजावून सांगितलीस ना, तसंच लिही." वर्गात मी एकदाच बोललो होतो, तेही पंखा बंद पडला होता म्हणून. पण त्या ऐकेनात. आमच्या घरात याआधी कुणी सहीच्या पुढे काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नायगावच्या खाडीच्या बाजूला. बाबा मिठागरावर काम करायचे. दहावीनंतर मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आणि दामूकाकांच्या हाताखाली लागलो. दामूकाका म्हणजे वसईतले जुने परवानाधारक वायरमन. बुटके, पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. नव्या जागी गेलं की ते हत्यारांची पिशवी खाली ठेवायचे आणि दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहायचे. पहिल्यांदा मला वाटलं, दम खातायत. मग एकदा म्हणाले, "आधी पाणी कुठून कुठे वाहतं ते बघायचं. छपराचं, नळाचं, पावसाचं. मग वायर कुठून न्यायची नाही ते कळतं. उरलेल्या जागेतून न्यायची." आयटीआयच्या पुस्तकात हे वाक्य नव्हतं.

ते असंही म्हणायचे, "पाणी दिसतं म्हणून लोक त्याला घाबरतात. वीज दिसत नाही म्हणून तिच्याशी मस्करी करतात." ही मस्करी मी पुष्कळ पाहिली. चिंचोटीला धबधब्याच्या वाटेवर पावसाळ्यात भजी-कणसांच्या टपऱ्या लागतात. तिथल्या एका टपरीवाल्याने एकच वायर ओढून आणली होती. परतीच्या वायरीऐवजी त्याने जमिनीत हातभर लांबीचा खिळा ठोकला होता आणि बल्बचं दुसरं टोक त्याला बांधलं होतं. ओल्या मातीत बल्ब झकास पेटत होता. दामूकाकांनी खिळा उपटला. अंधार झाला. टपरीवाला चिडला, "ओ काका, तुमचं काय जातंय? माझी जमीन, माझा खिळा."

"जमीन तुझी आहे. पण ओल्या पायाने उभी राहणारी गिऱ्हाइकं कुणाची आहेत?" काका म्हणाले. मग तासभर बसून त्यांनी त्याला दुसरी वायर ओढून दिली आणि वर त्याच्याकडचीच भजी खाल्ली.

नायगावच्या नव्या टॉवरमध्ये एक निवृत्त हेडक्लार्क होते. ते मला महिन्यातून दोनदा बोलवायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, आणि रोज सकाळी घरातला प्रत्येक सॉकेट तपासून वहीत टिक. त्यांना काहीच बिघाड सापडत नव्हता, हीच त्यांची तक्रार होती. म्हणायचे, "नरेश, सगळं ठीक कसं असेल? नीट बघ." मी हसायचो. आता वाटतं, हसायला नको होतं. माणसाने असंच असायला हवं.

पण मला खरं सांगायचंय ते गिरीजच्या कामाबद्दल. मी स्वतःच्या हाताने आखलेलं आणि पुरं केलेलं ते पहिलं काम, आणि त्यातच माझ्याकडून जे झालं ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

गिरीजला इनासकाकांची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी भाजी. त्यांचा मुलगा आल्विन बोटीवर नोकरीला. त्याच्या डोक्यात आलं की वाडीच्या एका कोपऱ्यात स्विमिंग पूल बांधायचा आणि सुट्टीच्या दिवशी पिकनिकला येणाऱ्या कुटुंबांना भाड्याने द्यायचा. जागा ठरली ती जुन्या बावखलाची. बाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. वसईत पूर्वी त्यावरच बागायत शिंपायचे. यांचं बावखल कधीच बुजवलं होतं. इनासकाकांच्या बायकोला, फिलूमावशीला, हे मुळीच आवडलं नव्हतं. ती त्या पूलला कधी पूल म्हणाली नाही. टाकी म्हणायची. "आधी पाणी बुजवायला ट्रकभर माती आणली, आता माती काढून पाणी भरतात. आणि म्हणे आम्ही शिकलेले."

दामूकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते म्हणाले, "आखणी तू कर. मी शेवटी येऊन बघीन." मी तोवर कॉलेजला नाव घातलं होतं. सकाळी तास, दुपारी गिरीज.

पाण्याच्या कडेला वीज न्यायची तर काय करावं लागतं, ते थोडक्यात सांगतो. घराच्या मीटरपासून पंपाच्या खोलीपर्यंत अडीच फूट खोल चर खणायचा. तळाला वाळू, वाळूवर आर्मर्ड केबल, म्हणजे जिच्या अंगावर लोखंडी तारांचं चिलखत असतं ती. तिच्यावर पुन्हा वाळू, वाळूवर आडव्या विटा आणि मग माती. विटा एवढ्यासाठी की पुढे कधी कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागते आणि माणूस थांबतो. पाण्यातले दिवे फक्त बारा व्होल्टचे. त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब, पंपाच्या खोलीत. पायऱ्यांचा स्टीलचा कठडा, शिडी, पंपाचं अंग, जे जे लोखंड हाताला लागेल ते सगळं एकमेकांना जोडून अर्थिंगला न्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ईएलसीबी.

ईएलसीबी फिलूमावशीला समजावताना मला एक उदाहरण सुचलं होतं. सहलीला नेणाऱ्या बाई जशा बसमधून उतरताना पोरं मोजतात आणि चढताना पुन्हा मोजतात, तसं ते बटण गेलेली वीज आणि परत आलेली वीज मोजत असतं. थोडी जरी कमी आली, म्हणजे ती वाटेत कुठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत गेली, की ते बटण डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतं आणि लाइन बंद होते. त्याच्यावर तपासायची एक छोटी कळ असते. मावशीने ती स्वतः दाबून पाहिली. बटण खाड्कन पडलं. ती खूश झाली. म्हणाली, "आमच्या सासूसारखं आहे. मोजून घेणारं."

चर खणला तेव्हा केळीच्या रांगा चुकवत वळण घ्यावं लागलं. मी प्रत्येक फुटाला वाळू हाताने सारखी करत होतो. मावशी घरी वाळवलेली सुकेळी केळी आणि चहा घेऊन यायची आणि काठावर बसायची. "माझ्या केळींवर एवढी माया मी कधी केली नाही, जेवढी तू त्या वायरवर करतोस." ती पूर्वी भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जायची. माझ्या पुस्तकात काय आहे ते विचारायची. मी कॉलेजात जातो याचं तिला माझ्या घरच्यांपेक्षा जास्त कौतुक होतं. घरच्यांना भीतीच जास्त होती, की हा शिकेल आणि हातातलं काम सोडेल.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ थरावर थर घालतात, ओल टिकावी म्हणून. बाजारातून मीठ आणायचं माझ्या जिवावर आलं. बाबांना सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी जाड्या मिठाचं अर्धं पोतं घेऊन स्वतः गिरीजला हजर. खड्ड्याच्या काठावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "आयुष्यभर मी पान्यातून मीठ काडला, नि तू तो परत जमिनीन घालतोस." पण पोतं त्यांनीच रिकामं केलं, हळूहळू, हाताने पसरत. मी काय काम करतो ते बाबांनी पाहिलं, असा तो एकच दिवस. त्या दुपारची आठवण आली की अजून बरं वाटतं.

शेवटी दामूकाका काळा चष्मा लावून आले. नेहमीप्रमाणे तीन मिनिटं उभे राहिले. पॅनेल उघडलं, ईएलसीबीची कळ दाबली, कठड्यावर तळहात फिरवला. म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही. परतताना स्कूटरवर मी मागे बसून उगाच हसत होतो.

आल्विनचं लग्न ईस्टरनंतरचं ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने मला बोलावलं, "रोषणाईवाले येतायत, तू नुसता हजर राहा." संध्याकाळी गेलो तर वाडीचा चेहराच बदलला होता. मांडव, खुर्च्या, बँड. रोषणाईवाल्याने पूलभोवती दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या, आणि त्यातली एक पायऱ्यांच्या स्टीलच्या कठड्याला गुंडाळली होती. माळांचे जोड काळ्या चिकटपट्टीचे. हिरवळीवर नुकतंच पाणी मारलेलं. आणि सगळ्या माळा त्याने पंपाच्या खोलीतल्या सॉकेटवर, म्हणजे माझ्या लाइनवर जोडल्या होत्या.

वसईतल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी आणतात. वाडीतल्या विहिरीचं पाणी आता मचूळ झालंय. त्यामुळे आल्विनच्या मित्रांनी ठरवलं होतं की पाणी पूलमधून भरायचं. दिवे लावलेले, व्हिडिओत छान दिसेल. फिलूमावशी म्हणाली, "ब्लिचिंगच्या पाण्याने नवरा गोरा होईल, बरंच आहे." सगळे हसले आणि बेत कायम राहिला.

दिवे लावले आणि ईएलसीबी पडलं. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलं.

"काय झालं?" आल्विन आला.

"कुठल्या तरी माळेतून वीज जमिनीत जातेय. सहा माळा आहेत. एकेक सोडवून बघतो. वीस मिनिटं."

"बँड उभा आहे, बायका कळशा घेऊन उभ्या आहेत. वीस मिनिटं त्यांना काय सांगू, नरेश सरांचा तास चालू आहे?"

मी कॉलेजात जातो म्हणून तो मला सर म्हणायचा. रोषणाईवाल्याचा माणूस मागून म्हणाला, "भाई, माल मेरा एकदम नया है. आपका बटनही कमजोर है. डायरेक्ट कर दो ना, दस मिनट की तो बात है."

मी दुसरी माळ सोडवत होतो. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. आल्विन माझ्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "नरेश, लग्न माझं आहे. माझी इज्जत घालवू नकोस."

तो ओरडला असता तर कदाचित मी ऐकलं नसतं. हळू बोलला म्हणून ऐकलं. मी बोटभर वायरचे दोन तुकडे कापले आणि ईएलसीबीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये टाकून मोजणी तोडली. आता कितीही वीज जमिनीत गेली तरी कुणी मोजणार नव्हतं. दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोषणाईवाल्याचा माणूस माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

मी पंपाच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, एक हात मेन स्विचवर. मनाशी म्हणत होतो, दहा मिनिटं, मग मी स्वतः काढीन. बायका आल्या. पुढे आल्विनची आत्या होती. तिने चपला काठावर काढल्या, साडी वर खोचली, एका हाताने कळशी धरली आणि दुसरा हात कठड्याकडे नेला. तोच कठडा, माळ गुंडाळलेला. पाय पहिल्या पायरीवर, घोटाभर पाण्यात.

मी मेन स्विच खाली ओढला.

पूर्ण अंधार झाला. बँड बेसूर होऊन थांबला. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली. फिलूमावशीचा आवाज आला, "मोबाइलच्या बत्त्या लावा की. आमच्या वेळी कुठे होती लायटिंग?" तशाच मोबाइलच्या उजेडात आत्याने कळशी भरली आणि ती वर आली.

तेवढ्यात आल्विन माझ्यापर्यंत पोचला होता. "बस. तू जा आता."

"आल्विन, ते दोन तुकडे काढतो फक्त."

"कशाला हात लावू नकोस. तो माणूस बघेल. जा म्हणतो ना."

रोषणाईवाल्याचा माणूस मला बाजूला करून पॅनेलपाशी गेला. दिवे पुन्हा लागले. दोन स्क्रू ढिले करायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी त्याला ढकलून ते करायला हवं होतं. मी पिशवी उचलली. माझ्या कामातली लाज म्हणून जे काही आहे, ते हे आहे.

फाटकापाशी फिलूमावशी पाहुण्यांना आत पाठवत उभी होती. मला बघून जवळ आली. म्हणाली, "पोरा, आता त्या पाण्यात हात घातला तर चालेल ना?"

मला खरं सांगता आलं नाही आणि खोटंही बोलता आलं नाही. मी म्हणालो, "उद्या सकाळी येतो, मावशी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

सकाळी गेलो. लग्नघर चर्चला निघत होतं. आल्विन सुटाबुटात फाटकाशी आला, म्हणाला, "सगळं झालंय, तुझी गरज नाही," आणि फाटक ओढून घेतलं. दोन दिवस त्याला फोन केले, त्याने उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दामूकाकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जा. भांड, पाया पड, काय वाटेल ते कर. पण काढून ये." मी गेलो तर घराला कुलूप. शेजारच्या वाडीतल्या बाईने सांगितलं, नवरानवरी फिरायला गेलेत, तिथूनच आल्विन बोटीवर जाणार, बाकीचे वेळांकण्णीच्या यात्रेला. फाटकावर नवी पाटी लागली होती, पूल पिकनिकसाठी मिळेल. खाली बदकाचं चित्र, लहान मुलांसाठी. फाटकावरून चढून आत जावं असं मनात आलं. दोन्ही हात फाटकावर ठेवून उभा राहिलो आणि परत आलो. परक्याच्या वाडीत कुलूप असताना शिरायचं धैर्य मला झालं नाही.

मग परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी लायब्ररीत जाऊन मी आधी पेपरातलं वसई-विरारचं पान वाचायचो, आणि मग अभ्यासाचं पुस्तक उघडायचो. बुडाल्याच्या, शॉक लागल्याच्या बातम्यांत गिरीजचं नाव शोधायचो. रविवार उजाडला की मला जेवण जायचं नाही. इतिहासाच्या पेपरला मी एक प्रश्न पूर्ण लिहिला आणि वाचून बघितला तर त्यातली दोन वाक्यं अर्थिंगची होती. आई म्हणाली, "शिकून शिकून पोराचा चेहरा उतरला."

आज ते दिवस आठवतात तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. आठ वर्षांत मी शेकडो घरांत वीज जोडली आणि संध्याकाळी घरी जाऊन शांत झोपलो. दामूकाका मला उभं राहून पाहायला शिकवायचे, तेव्हा ते मला ही झोपच शिकवत होते. चर खणताना, वाळू पसरताना, मावशीची सुकेळी खाताना ती माझ्याजवळ होती. तेव्हा मला तिची किंमत माहीत नव्हती. आता मी शनिवार-रविवारीच कामाला जातो. हाताचे घट्टे मऊ पडलेत. पण कुठलंही पॅनेल बंद करण्याआधी मी दोनदा बघतो, आणि त्या घरची माणसं कंटाळतात.

शेवटच्या पेपरच्या दिवशी वर्गाबाहेर आलो आणि फोन चालू केला, तर इनासकाकांचे सहा मिसकॉल. मी जिन्यावर बसलो. फोन लावला.

"अरे नरेश, तू आहेस कुठे?"

"काका, काय झालं?"

"काय व्हायचंय? टाकीचं पाणी हिरवं झालंय. पंपच चालू नाही तर काय होणार?"

"पंप का चालू नाही?"

"हिला विचार. तू गेलास त्या संध्याकाळी हिने पायऱ्यांसमोर बाकं आडवी टाकली, कुणाला खाली उतरू दिलं नाही. लग्नाच्या दिवशी पहाटे उठली आणि मीटरजवळचा टाकीचा फ्यूज उपटून घेतला. वेळांकण्णीला गेलो तर तोही पर्समध्ये. दोन रविवार पिकनिकवाले फाटकावरून परत पाठवले. आल्विन बोटीवरून फोनवर ओरडतो, ही फोन ठेवून देते. मी दुसरा वायरमन आणला, तर त्याला चहा पाजला आणि लावून दिला. फ्यूज काही दिला नाही."

पलीकडे मागून मावशीचा आवाज येत होता, काय ते कळत नव्हतं. काका म्हणाले, "थांब, सांगतो. ती म्हणते, मी त्या पोराला एक विचारलं होतं, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. त्याने यावं, काय करायचं ते करावं आणि आधी स्वतः पाण्यात हात घालावा. मग फ्यूज देईन."